पोहे खाऊ नयेत

त्या पाहुण्यानं माईकवर सांगितलं, की इंद्रायणी मॅडमचे विद्यार्थी कुणाच्याही घरी गेले तरी पोहे खात नाहीत, कारण गरिबाच्या घरावर भार पडू नये ही मॅडमची शिकवण. ते ऐकून मला असा ठसका लागला, की शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी वाजवल्या नाहीत. हातात पुष्पगुच्छ होता, तेवढं निमित्त पुरलं.

इंद्रायणी माझी सून. तालुक्याच्या गावी डी.एड.चं कॉलेज आहे, तिथं ती शिकवते. बारावी झालेली पोरं-पोरी तिथं येतात आणि शाळेत शिकवायला लायक होऊन बाहेर पडतात. म्हणजे कागदावर तरी लायक होतात. दोन हजार सहा साली संस्थेनं तिचा सत्कार ठेवला, शाल दिली, आणि बोलणारा प्रत्येक जण उठून सांगू लागला की मॅडमनी शिक्षकाला पालकाच्या दारात नेलं आणि दारं उघडली. दारं उघडली! दारं आपोआप उघडतात असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आण्याच्या पठारावर जाऊन यावं.

मी स्वतः दुसरी पास. तिसरीत गेले आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवली. अक्षर येतं, सावकाश येतं. पण लोणीतलं आमचं खटलं मी चाळीस वर्षं चालवलं ते अक्षरावर नाही, तोंडावर. ते मला देवानं सढळ हातानं दिलं. सून एम.एड. होऊन घरात आली तेव्हा भावकी म्हणाली, झुंबरबाई, आता तुमची बोलती बंद. अजून झाली नाही.

तिच्या डोक्यात हे घरी जायचं खूळ कुठून शिरलं ते सांगते. नोकरीला लागली तेव्हाची गोष्ट. शिकाऊ मास्तरांना घेऊन ती आहुप्याला गेली होती, तिथल्या शाळेत सरावाचे पाठ घ्यायला. एक पोरगा शाळेत येतच नव्हता. शिकाऊ मास्तरानं त्याच्या नावापुढं लिहून टाकलं, ‘पालक उदासीन’. ही त्या पोराच्या घरी गेली तर दाराला कडी. सगळं घर रानात हिरडा गोळा करायला गेलेलं. वळचणीला एक म्हातारी बसली होती, ती म्हणाली, “हिरड्याच्या दिसांत शाळा भरवताच कशाला बाई? आमाला इचारलं का कुनी?”

सून घरी आली ती जेवली नाही. म्हणाली, “आई, ज्यानं पोराच्या घरची चूल पाहिली नाही, त्यानं त्या पोराला शिकवू नये.”

मी म्हटलं, “माझी चूल बघायला तर तुला सवड नाही.”

ती हसली. तिचं हे एक वाईट आहे. आपण चिडून बोलावं आणि ती हसते.

मग तिनं घरभेटी सुरू केल्या. शिकाऊ मास्तरांनी दोघादोघांनी मिळून पोरांच्या घरी जायचं, आईबापाशी बोलायचं, मग वर्गात उभं राहायचं. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक खुर्च्या सोडायला तयार नव्हते. ते ह्याला मॅडमची माधुकरी म्हणायचे. तरी ती सोडेना. पोरं नुसतीच गप्पा मारून येतात म्हणून तिनं प्रश्नांचा कागद छापून घेतला. घरचे लोक बुजू नयेत म्हणून पोरांना ताकीद दिली, की धुतलेले इस्त्रीचे कपडे घाला, दोघं जा, गावातलं एखादं जाणतं माणूस बरोबर घ्या, आणि घरात जे पुढं येईल त्याला नाही म्हणू नका, माणसाचा मान जातो.

एकूण एक गोष्ट तिनं विचार करून ठरवली होती. त्याचंच मला आजही हसू येतं आणि रागही येतो.

सत्त्याण्णव साल. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं. त्या हिवाळ्यात तिनं पोरं आण्याला पाठवली. आणे हे माझं माहेर. घाट चढून गेलं की पठार, वारा आणि खडक, पाणी शोधावं लागतं. तिथली माणसं तुटक बोलतात पण मानाला जपतात. माझ्या चुलतभावाची, हौशीरामाची, धाकटी अक्षदा तिथं चौथीत होती. तिच्या घरी दोन पोरं गेली. त्यातला एक आदेश, ओतूरकडचा, दिसायला गोरागोमटा, मिशी नुकती फुटलेली. जाणतं माणूस म्हणून बरोबर शाळेचे मोठे गुरुजी.

त्या गुरुजींनी पठारावरची निम्मी लग्नं जुळवलेली होती. हे सुनेला माहीत नव्हतं.

मला कळलं ते बेल्ह्याच्या बाजारात. माझ्या पोपटला गाय बघायची होती, मी बरोबर गेले होते. माझा पोरगा गाईच्या शिंगांवर भुलतो, सडांकडं बघतच नाही, म्हणून जावं लागतं. तिथं हौशीरामाची बायको ठमाबाई गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या दंडाला धरलं.

“वन्सं, जरा दमा. न्हाई म्हनायचं तर तोंडावर न्हाई म्हना. पोरीला अशी टांगून काय ठिवता?”

“कुनाची पोरगी? कुनी टांगली?”

“आमची चंद्रकला. तुमच्या सुनंनं पोरं धाडली न्हवं बगायला? इस्तरीचं शर्ट, पायात बूट, संगट गुरुजी. आमी काय खुळी हाय का? तुळशीचं लगीन झाल्यावर गुरुजी कुनाच्या दारात पोरं घिऊन उगाच येत्यात व्हय?”

मी म्हटलं, “अगं, ती अक्षदाच्या शाळंचं इचारायला आली असतील.”

“शाळंचं? जमीन किती, बागाईत किती, भाऊ किती, थोरल्या पोरीचं वय काय, शिक्षान कुटवर झालं, घरात काय काम करती, समदं इचारलं. आन लिवून घेतलं! आजवर कुनी लिवून न्हवतं घेतलं वन्सं. आमच्या मालकाला वाटलं, लई शिकलेलं स्थळ हाय. पोरीला माजी हिरवी साडी नेसवली, पोहं दिलं. त्या गोऱ्यानं दोनदा घिऊन खाल्लं. आन मग गेलं ते गेलंच.”

मी तिला गर्दीतून बाजूला घेतलं.

ठमाबाईचं खरं दुखणं पुढं होतं. चंद्रकलेला पारगावचं स्थळ आलेलं, जवळजवळ ठरलेलं. त्यांच्या कानावर गेलं, की मास्तर पोरगी बघून गेला आणि बोलला नाही. म्हणजे पोरीतच काही खोट असणार. त्यांनी पाय मागं घेतला. आता पठारावर जो तो विचारतो, काय ठमाबाई, मास्तरानं काय कळवलं का?

“आमचं मालक काल कालेजात जाऊन आलं,” ठमाबाई म्हणाली. “तुमच्या सुनंच्या वरच्या सायबापुढं टोपी आपटून आलं. आता आमच्या गावात तुमचं मास्तर फिरकलं तर तंगड्या मोडनार हाईत समदी.”

घरी आले तर सून मोरीपाशी तोंड धूत होती, आणि तोंड धुवून झालं तरी पाणी मारतच होती. सेक्रेटरीनं तिला बोलावून सांगितलं होतं, “मॅडम, आपलं कॉलेज आहे, वधू-वर सूचक मंडळ नाही. त्या माणसाची तक्रार मिटवा, तो स्वतः येऊन मिटली म्हणाला पाहिजे. नाहीतर तुमच्या घरभेटी बंद. पालकांना नोटीस काढा, येतील ते येतील.”

म्हणजे आहुप्याच्या त्या म्हातारीपासून आजपर्यंत जे केलं ते सगळं हौशीरामाच्या टोपीवर येऊन ठेपलं होतं.

मी म्हटलं, “तो कागद आण. वाच मोठ्यानं.”

तिनं वाचायला घेतला. कुटुंबातील व्यक्ती. जमीन, बागायत, जिरायत. मुलींची वये. मुलींचे शिक्षण. मुली घरात कोणती कामे करतात. वाचता वाचता तिचा आवाज खाली खाली गेला.

“मुलींची वयं कशाला विचारली गं?”

“शाळेबाहेर किती मुली राहिल्यात ते कळावं म्हणून.”

“मग तेच विचारायचं.”

“तसं विचारलं की लोक खोटं सांगतात, आई.”

“आणि वय विचारलं की पोहे करतात.”

पोपट दारात उभा राहून हसायला लागला. त्याला मी गोठ्यात पाठवला.

सून म्हणाली, “मी उद्याच आण्याला जाते. हौशीरामकाकांना सरळ सांगते, गैरसमज झाला. हात जोडून माफी मागते.”

“काय सांगशील? की तुम्ही पोरीला साडी नेसवून, पदर देऊन ज्यांच्यापुढं बसवली, ती पोरं मोजणी करायला आली होती? आज नुसती पोरगी नापसंत आहे. उद्या सगळं घर खुळ्यात निघेल. म्हातारी होईपर्यंत ठमीला लोक विचारतील, काय गं, जनगणनेवाल्याला पोहे केलेस का?”

“पण खरं तेच आहे ना?”

“खऱ्याला मी काय वाती लावू? नापसंती त्या घराच्या पदरात पडलीय, ती आपल्या पदरात घ्यावी लागेल. आपण जाऊन पोरगी मागायची. हौशीरामानं नाही म्हणायचं. गावात होईल, की मास्तर आला होता मागायला, आम्हीच दिली नाही. झालं.”

“हे नाटक झालं. मी पोरांना आयुष्यभर शिकवत आले, घरच्या माणसांशी खरं बोला.”

“आयुष्यभर! अजून तुझा एक केस पिकला नाही.”

ती आत निघून गेली. पण सकाळी नाश्ता न करता माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “मी येते. पण खोटं एक अक्षर बोलणार नाही.”

“गप्प बसशील?”

“गप्प बसेन.”

मी ठमाबाईला निरोप धाडला. अमक्या दिवशी येते, पोराला घेऊन येते, पोरगी मागते, हौशीरामाला सांग तोंड भरून नाही म्हण. ठमाबाईचा उलटा निरोप आला, सांगते म्हणून.

आदेशला बोलावलं तर तो रडकुंडीला आला. “मॅडम, मला अजून बहिणीचं लग्न करायचंय. माझी आई मला घरात घ्यायची नाही.”

मी म्हटलं, “तुझं लग्न लावायला कोण नेतंय? नाही म्हणून घ्यायला नेतोय. पोहे खाताना नाही तोंड वाकडं केलंस?”

“ते मॅडमनीच सांगितलेलं, समोर येईल त्याला नाही म्हणू नका.”

सून खिडकीबाहेर बघत राहिली.

बेल्ह्याहून जीप मिळाली. घाट चढलो. वर हौशीरामाचं घर रस्त्यालगतच. बाजरीची काडं अंगणात रचलेली, पलीकडच्या भिंतीला शेजारणींची डोकी. धुणं नसताना त्या बाया धुण्याच्या दगडाशी जमल्या होत्या. मला बरं वाटलं. ऐकायला माणसं हवीच होती.

हौशीरामानं नवी टोपी घातलेली. तेव्हाच मला समजायला हवं होतं. नकार द्यायला कोणी नवी टोपी घालत नाही.

घोंगडी अंथरलेली. पाणी झालं. पोहे आले. आदेशनं ताटलीकडं असं बघितलं, जणू आत विंचू आहे. मी घसा खाकरून म्हटलं, “हौशीराम, आमी चंद्रकलेला मागायला आलोय. पोराच्या घरची मागनं येतील, आदी तुजं मन कळू दे. न्हाई म्हनलास तरी आमाला राग न्हाई बाबा. बिनघोर न्हाई म्हन.”

“न्हाई कशापायी म्हनू आक्का?” हौशीराम म्हणाला. त्याचं तोंड उजळलं होतं. “नोकरीचा जावई आपल्या पायानं दारात आलाय. पोरगी तुमचीच. काय पोरा, आसा कडंला काय बसलास, नीट मांडी घाल.”

आदेशच्या घशात पोहे अडकले. आतल्या दारात ठमाबाईनं कपाळावर हात मारला. तिनं सांगितलं होतं. नंतर मला कळलं, नवरा तिला म्हणाला होता, दारात आलेल्या मास्तराला न्हाई म्हनायचं? तू येडी का ती झुंबरआक्का येडी?

मी तरी धीर सोडला नाही. म्हटलं, “आसं घाईनं नगं हौशीराम. पोराचं वय ल्हान हाय. पोराला शेत थोडं हाय.”

“थोडं तर थोडं. पगार हाय न्हवं?”

“सोभाव तापट हाय.” 

आदेश शेजारी थरथर कापत होता. हौशीरामानं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “तापट? ह्यो?”

आणि तेवढ्यात माझ्या सुनेच्या गप्प बसण्याचा शेवट झाला.

“काका,” ती म्हणाली, “माझं ऐका. ही मुलं स्थळ म्हणून आली नव्हती. अक्षदाच्या घरची माहिती घ्यायला आली होती, तिला नीट शिकवता यावं म्हणून. मी पाठवली होती. चूक माझी आहे. तुमच्या मुलीचं काही कमी नाही.”

मी डोळे मिटून घेतले.

“म्हंजी?” हौशीराम म्हणाला. “म्हंजी पसंत-नापसंत काय न्हवतंच?”

“नव्हतं, काका.”

“म्हंजी माजी पोरगी तुमी गुरं मोजल्यावानी मोजून गेला? आन मी गावभर सांगत सुटलो?”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडून निभावलं असतं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या घडीकडं बघत राहिला. सून त्याच्यापुढं हात जोडून बसलेली. तिला वाटत होतं, खरं सांगितलं की माणूस हलका होतो. हौशीराम काही हलका झाला नव्हता.

तेव्हा चंद्रकला बाहेर आली. साडीत नव्हती, परकर-पोलक्यातच होती, हाताला पीठ.

“दादा, मला ठावं व्हतं,” ती बापाला म्हणाली.

“काय ठावं व्हतं?”

“ती बगायला न्हवती आली ते. कागूद माज्याफुडंच धरला व्हता. वर अक्षदाचं नाव, इयत्ता चौथी. निम्म्या सवालांचं उत्तर मीच दिलं.”

ठमाबाई आतून धावत आली. “मग तवाच बोलली का न्हाईस गं भवाने?”

“तुमी इचारलं का? साडी नेस म्हनलात, नेसली. बस म्हनलात, बसली.” मग बापाकडं न बघता म्हणाली, “आन पारगावचं मोडलं ते बरंच झालं. मला अकरावीला जायाचं व्हतं.”

माझी सून तिच्याकडं बघत होती. मुलींची वये, मुलींचे शिक्षण, मुली कोणती कामे करतात. सगळं विचारणाऱ्या त्या कागदावर तुला काय पाहिजे असं कुठं विचारलेलं नव्हतं. मी पण कुठं विचारलं होतं? मी तर तिला न विचारता मागायला आले होते. पण माझं राहू द्या, मी कॉलेजात शिकवत नाही.

हौशीराम उठला. “तुमी निगा आता,” आम्हाला म्हणाला. “हिच्याशी मी मागनं बोलतो.”

ते ‘मागनं’ मला आवडलं नाही. त्याच्या घराण्यात मी वाढलेय, त्या ‘मागनं’मध्ये काय काय बसतं ते मला ठाऊक आहे. पोरगी तशीच उभी, हाताचं पीठ चोळत. बाहेर भिंतीवरची डोकी वाढलेली. आत काय चाललंय ते त्यांना पुरतं कळलं नव्हतं, नुसता रागरंग कळला होता. आम्ही असेच निघून गेलो असतो, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पठारानं आपापल्या मनाचं काहीतरी जोडलं असतं, आणि त्यातलं एकही चंद्रकलेच्या बाजूचं नसतं.

मी ओट्यावर आले. चपला घातल्या नाहीत, हातात घेतल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आणि अंगणाच्या मध्यात उभी राहून बोलले.

“हौशीराम! मी ह्या गावची लेक. आजवर माज्या शब्दाला ह्या गावात कुनी न्हाई म्हनलं न्हवतं. आज तू म्हनलास. मास्तर घिऊन दारात आले, तरी तू पोरगी देत न्हाईस, तिला शिकवनार म्हनतोस. बरं हाय बाबा. मान खाली घालून चालले मी.”

आणि खरंच मान खाली घालून चालले. माहेरच्या अंगणात, अनवाणी, शेजारणींच्या समोरून. भिंतीमागं कुणीतरी ‘आग्गंबया’ म्हटलेलं मला ऐकू आलं. हौशीराम दारात उभा होता. त्यानं तोंड उघडलं होतं, पण मग मिटलं. माणूस रागीट आहे, मूर्ख नाही.

जीपमध्ये बसल्यावर सून म्हणाली, “आई, तुम्ही खोटं बोललात.”

मी म्हटलं, “हो. तू खरं बोललीस तेव्हा काय झालं ते बघितलंस ना?”

“त्या मुलीला निदान बोलता तरी आलं.”

“आणि नंतर मार खाता आला असता.”

आदेश मधे बसला होता. त्यानं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. पोरगा पुढं चांगला मास्तर झाला म्हणतात.

बेल्ह्यापासून लोणीपर्यंत आम्ही भांडत आलो. एक शब्द ‘बरं झालं’ असा तिच्या तोंडून आला नाही. मीही वाट बघितली नाही असं म्हणते, पण बघितली.

आठवडा गेला आणि हौशीराम कॉलेजात गेला. सेक्रेटरीला म्हणाला, “आमची काय तक्रार न्हाई सायेब. मास्तराचं स्थळ आलं व्हतं, आमीच न्हाई म्हनलं. पोरीला शिकवायचंय.” टोपी, अर्थात, नवीच. घरभेटी राहिल्या.

आता ह्यातला खरा विनोद. एकदा मास्तराला नाकारला म्हणून गावभर झाल्यावर हौशीरामाला खालचं स्थळ बघता येईना. शेतकऱ्याचं पोरगं दारात आलं तर लोक म्हणणार, मास्तर सोडून हे केलं? आणि दुसरा मास्तर तर यायचं नाव घेईना, ज्यानं एकाला परत पाठवला त्याच्या दारात कोण जाईल? पोरगी घरात बसवून करायचं काय? ठमाबाईच म्हणाली, जाऊ दे घाटाखाली अकरावीला, शिकतीय म्हनून सांगता तरी येईल. अशी ती अकरावीला गेली, बारावी झाली, आणि माझ्या सुनेच्याच कॉलेजात डी.एड.ला येऊन बसली. लग्न शेवटी एसटीच्या कंडक्टरशी झालं. हौशीराम म्हणतो, कंडक्टर तर कंडक्टर, सरकारी हाय.

आणि मला काय मिळालं? बेल्ह्याच्या बाजारात बाया विचारू लागल्या, “काय वो झुंबरबाई, माहेरानं नारळ दिला म्हनं?” आण्याच्या यात्रेला दर पौषात आमटी-भाकरीचं बोलावणं यायचं, ते पुढची बरीच वर्षं आलं नाही. हौशीरामाला माझ्यापुढं उभं राहायची लाज वाटत असावी. लाज त्याची आणि उपास मला. खरं कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की सगळं फुकट.

सुनेनं तो प्रश्नांचा कागद फाडला. नवी पद्धत काढली. घरात गेल्यावर शिकाऊ मास्तरानं आधी स्वतःचं सगळं सांगायचं, मी कोण, माझे आईबाप काय करतात, मी कशाला आलोय. मग पहिला प्रश्न घरच्यांनी विचारायचा. घरात मोठी पोरगी असेल तर तिलाही विचारू द्यायचा. मग चहा चालेल. आणि सगळ्यांत वर एक नियम : कोणत्याही घरी पोहे खाऊ नयेत. कारण लिहिलेलं नाही. इतक्या तुकड्या पास होऊन गेल्या, सगळ्यांनी नियम पाळला, एकाही गाढवानं विचारलं नाही की का.

आणि म्हणून तो सत्काराचा पाहुणा गरिबाच्या घरचा भार सांगत होता.

त्या दिवशी सून उत्तराचं भाषण करायला उठली. मला माहीत होतं ती खरं सांगणार. आदल्या दिवशी म्हणालीच होती, “आता इतकी वर्षं झाली, आण्याची गोष्ट सांगून टाकते. आपण कुठं चुकलो हे शिक्षकांना कळलं पाहिजे.” मी म्हटलं होतं, कर तुझ्या मनाचं, तू काय माझं ऐकतेस?

तिनं सुरुवातही केली. “एकदा आम्ही पठारावरच्या एका गावात...” आणि समोर बघून थांबली.

पुढून दुसऱ्या रांगेत हौशीराम बसला होता. डोक्याला फेटा. शेजारी चंद्रकला, ती आता शाळेवर बाई आहे, तिनंच त्याला आणलेलं. तो शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून मोठ्यानं सांगत होता, “आमचंच गाव. आमीच मास्तराला न्हाई म्हनलं व्हतं.”

सून माईक धरून उभी. मी पुष्पगुच्छ इतका आवळला की दांडे मोडले.

“...आणि तिथल्या एका घरानं मुलीला शिकवायचं ठरवलं,” ती म्हणाली. “त्या घराकडून मी पुष्कळ शिकले.”

टाळ्या झाल्या. हौशीरामानं फेटा सारखा केला.

परतताना गाडीत बसलो. ती म्हणाली, “आता तो पाहुणा जिथं जाईल तिथं पोह्यांचं भलतंच सांगत फिरणार. आणि मला काही बोलता येणार नाही.”

“मला नऊ वर्षं बोलता आलं नाही,” मी म्हटलं. “तुला आजच सुरुवात झाली.”

ह्या वेळी ती हसली नाही. मलाही त्यात म्हणावी तशी मजा वाटली नाही.

म्हणून हे लिहून ठेवलं. हौशीरामाला वाचता येत नाही. चंद्रकलेला येतं, पण ती त्याला वाचून दाखवायची नाही. कोणती गोष्ट कधी बोलायची नाही, हे त्या पोरीला आम्हा दोघींच्या आधीपासून कळतं.